मुंबई–न्यूयॉर्क: भागाकारात चौदा तास, तिकिटावर सोळा, आणि सांगलीतून निघालात तर तीस

सर, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगी न्यू जर्सीत असते. तुम्ही आणि काकू नोव्हेंबरात सांगलीहून निघून मुंबईमार्गे तिच्याकडे जाणार आणि एप्रिलमध्ये परतणार. इंटरनेटवर मुंबई ते न्यूयॉर्क अंतर साडेबारा हजार किलोमीटर दिसतं, विमानाचा वेग ताशी नऊशे सांगतात, म्हणजे चौदा तासांत पोचायला हवं. पण थेट विमानाच्या तिकिटावर सोळा तास लिहिलेत, परतीला चौदा, आणि दुबईवरून जाणाऱ्या स्वस्त तिकिटावर बावीस. आयुष्यभर गणित शिकवलेल्या माणसाला असा न जुळणारा हिशेब सहन होत नाही, हे मी समजू शकतो. आणि खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या ओळीत हळूच विचारलाय: गुडघे दोघांचेही कुरकुरतात, तर कोणतं तिकीट काढू?

मी सांगलीत बरीच वर्षं तिकिटांच्याच धंद्यात आहे. अंतर किती आणि तास किती, हा प्रश्न काउंटरवर रोज येतो, आणि लोकांना एका आकड्यात उत्तर हवं असतं. तुमचा भागाकार चुकलेला नाही. फक्त तो वारा पडलेला आहे, वाट सरळ आहे आणि सगळ्या देशांचं आकाश खुलं आहे असं धरून केलेला आहे. या तिन्ही गोष्टी एकाच दिवशी मिळत नाहीत.

आधी अंतराचं बघू. वेगवेगळ्या ठिकाणी तुम्हाला ६,७७०, ७,७९० आणि १२,५४० असे तीन आकडे दिसले असतील. तिन्ही एकच आहेत. पहिला सागरी मैलांत, दुसरा साध्या मैलांत, तिसरा किलोमीटरमध्ये. विमानवाले सागरी मैल वापरतात, तो १.८५२ किलोमीटरचा. न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाऐवजी न्यू जर्सीतल्या नेवार्कला उतरलात तर वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक, तो सोडून द्या.

हे साडेबारा हजार कुठून येतात ते मात्र समजून घेण्यासारखं आहे. भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत पट्टी लावून रेघ मारली, तर ती अरबस्तान, इजिप्त, मोरोक्को आणि मग अटलांटिक अशी जाते. बघायला सगळ्यात जवळची. त्या रेघेची लांबी प्रत्यक्षात १४,२०० किलोमीटरच्या आसपास भरते. शाळेतला पृथ्वीचा गोल घ्या आणि मुंबई ते न्यूयॉर्क दोरा ताणून धरा. दोरा लगेच उत्तरेकडे सरकेल: कच्छ, सिंध, अफगाणिस्तान, तुर्कमेनिस्तान, मॉस्कोच्या आसपास, फिनलंड, आइसलंडच्या अलीकडचा समुद्र, ग्रीनलंडचं दक्षिण टोक, आणि मग कॅनडातून खाली. सर्वांत वर तो ६५ अंश उत्तर अक्षांशाला टेकतो. आर्क्टिक वृत्त साडेसहासष्टला, म्हणजे अगदी त्याच्या पायथ्याशी. या दोऱ्याची लांबी साडेबारा हजार. सपाट कागदानं सतराशे किलोमीटरचा चकवा दिला. सायन-कोसायनचं सूत्र तुम्हाला सांगायला नको, मुंबई १९.१ उत्तर, ७२.९ पूर्व आणि न्यूयॉर्क ४०.६ उत्तर, ७३.८ पश्चिम घेऊन, पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ धरून करून बघा, संध्याकाळ मजेत जाईल.

सॅन फ्रान्सिस्कोचं उदाहरण याहून गमतीचं आहे. मुंबईचं रेखांश आणि सॅन फ्रान्सिस्कोचं रेखांश जवळजवळ पृथ्वीच्या दोन विरुद्ध अंगांना आहेत, म्हणून तिथं जायची सगळ्यात आखूड वाट थेट वर जाते, उत्तर ध्रुवापासून दीडेक हजार किलोमीटरवरून. अंतर साडेतेरा हजार. तिथं मुलं असलेले आईवडील विचारतात, विमान पूर्वेकडून जातं की पश्चिमेकडून? दोन्हीकडून जाऊ शकतं, आणि त्यातूनच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर निघतं.

जाताना सोळा आणि येताना चौदा का? वारा. साधारण दहा-बारा किलोमीटर उंचीवर, मध्य अक्षांशांत, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचा एक अरुंद झोत सतत वाहत असतो, त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात तो जोर धरतो, त्याच्या गाभ्यात ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढचा वेग नवलाचा नसतो. पावसाळ्याच्या आधी कृष्णेत पोहलेल्या कुणालाही हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. हात तेवढेच मारायचे, पण आयर्विन पुलाकडं प्रवाहाबरोबर जाताना काठ भराभर मागं पडतो आणि उलट येताना पडत नाही. विमानाचा नऊशेचा वेग हा हवेच्या संदर्भातला आहे. जमिनीच्या संदर्भात तो कधी आठशे असतो, कधी हजाराच्या पुढं.

आता तुमचा भागाकार पुन्हा मांडतो. साडेबारा हजार ही दोऱ्याची लांबी झाली. प्रत्यक्ष मार्ग ठरलेल्या हवाई वाटांनी, वादळं टाळत, देशांच्या परवानग्यांप्रमाणे वळत जातो, म्हणून तेरा हजार धरू. सबंध वाटेवर सरासरी ताशी साठ किलोमीटरचा वारा समोरून आहे असं माना. ९०० वजा ६० म्हणजे ८४०. तेरा हजाराला भागा, साडेपंधरा तास आले. परतीला ९६०, साडेतेरा तास. दोन्हीत धावपट्टीपर्यंत रांगत जाणं, रांगेत थांबणं, उतरल्यावर गेटपर्यंत जाणं याची तीस-चाळीस मिनिटं मिळवा. सोळा आणि चौदा. तिकिटावर छापलेला वेळ विमान गेटवरून हललं तिथपासून पुढच्या गेटला लागेपर्यंतचा असतो. हवेतला नुसता वेळ तुम्ही काढलात, तिकिटानं गेट ते गेट मोजला. एक बारीक गोष्ट तुम्हाला आवडेल: जाताना वारा जेवढा वेळ खातो, तेवढा येताना परत देत नाही. या आकड्यांत जाताना बासष्ट मिनिटं गेली आणि येताना चोपन्नच मिळाली. हळू चालताना वारा जास्त वेळ अंगावर राहतो, एवढंच कारण.

हा वारा किती जबर असू शकतो याचा दाखला एअर इंडियाच्या दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमानाचा आहे. ते आधी अटलांटिकवरून जायचं, सुमारे १३,९०० किलोमीटर. ऑक्टोबर २०१६ मध्ये कंपनीनं ते पूर्वेकडून, पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. अंतर वाढून १५,३०० किलोमीटर झालं आणि वेळ तासा-दोन तासांनी कमी होऊन साडेचौदा तासांवर आला, कारण जाताना-येताना दोन्ही वेळा पूर्वेकडंच जायचं आणि वारा कायम पाठीवर. चौदाशे किलोमीटर जास्त उडून लवकर पोचायचं, हे पटवून द्यायला मला काउंटरवर दोन कप चहा लागतो. पुढं २०१९ मध्ये त्याच मार्गावर ध्रुवाजवळून उड्डाण झालं, आणि जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को ते बंगळूर हे सगळ्या महिला वैमानिकांनी चालवलेलं थेट विमान उत्तर ध्रुवावरून आलं. तेव्हा आपल्याकडच्या बातम्यांत झोया अगरवाल यांचं नाव गाजलं होतं.

तिसरी अडचण आकाशाच्या परवानग्यांची. वर सांगितलेला दोरा पुन्हा आठवा: सिंध, अफगाणिस्तान, मॉस्को. तिन्ही ठिकाणी अलीकडं काही ना काही झालेलं आहे. बालाकोटनंतर पाकिस्ताननं फेब्रुवारी २०१९ च्या अखेरीपासून १६ जुलैपर्यंत आपलं आकाश बंद ठेवलं. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर रशियानं युरोपीय आणि अमेरिकी कंपन्यांना दार बंद केलं. भारतीय आणि आखाती कंपन्यांना ते उघडं राहिलं. त्याचा फटका इतका की अमेरिकेच्या युनायटेड विमान कंपनीनं मार्च २०२२ मध्ये मुंबई–नेवार्क आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को ही थेट विमानं थांबवली. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामनंतर पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांना पुन्हा आकाश बंद केलं. जून २०२५ मध्ये इराण-इस्रायल संघर्षात त्या भागातली आकाशं बंद झाली, तेव्हा तर आखातातली विमानंही दिवसभर खोळंबली.

मुंबईहून जाणाऱ्याला यात थोडं नशीब आहे. आपलं विमान अरबी समुद्रावरून ओमानच्या बाजूनं वळसा घेऊ शकतं, तो वळसा फार लांबचा पडत नाही. दिल्लीच्या विमानाला मात्र आधी खाली गुजरातकडं यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. लांब पल्ल्याच्या विमानात इंधनाचा हिशेब काठावरचा असतो, म्हणून वळसा फार झाला की ते वाटेत युरोपात कुठंतरी इंधनासाठी उतरवतात, आणि थेट म्हणून घेतलेलं तिकीट थेट राहत नाही. म्हणून तिकीट घेण्याच्या आठवड्यात तो विशिष्ट क्रमांकाचा विमानमार्ग सध्या प्रत्यक्ष किती तासांत जातोय, हे बघायची सवय लावा. फ्लाइट रडारसारख्या संकेतस्थळांवर मागच्या काही दिवसांची प्रत्यक्ष उड्डाणं दिसतात. एखाद्या सुंदर पत्रकात छापलेला वेळ आणि तिथला वेळ यांत तासाभराचा फरक असेल तर तिथल्यावर विश्वास ठेवा.

आता बावीस तासांचं तिकीट. लोक म्हणतात, दुबईवरून म्हणजे केवढा लांबचा फेरा! फेरा नाहीच. मुंबई–दुबई सुमारे १,९३० किलोमीटर, दुबई–न्यूयॉर्क ११,०२०. बेरीज १२,९५०. थेट अंतरापेक्षा चारशे किलोमीटर जास्त, म्हणजे इथून पुण्याला जाऊन आल्याएवढंही नाही. लंडनवरून गेलात तर ७,२०० आणि ५,५४० मिळून १२,७४०, दोनशेचाच फरक. फ्रँकफर्टचंही तसंच. ही शहरं त्या दोऱ्याच्या जवळपासच बसली आहेत, आणि आखातातल्या कंपन्यांचा अख्खा धंदा याच भूगोलावर उभा आहे. थांबा घेतल्यानं जे सहा तास जास्त जातात ते जमिनीवर जातात: उतरणं, पुन्हा तपासणी, तीन-चार तासांची वाट, पुन्हा चढणं. सिंगापूरवरून मात्र जाऊ नका. सिंगापूर–न्यूयॉर्क हे जगातल्या सगळ्यात लांब थेट विमानांपैकी एक, १५,३०० किलोमीटर, अठरा तासांवर. त्यात मुंबईहून सिंगापूरला उलट्या दिशेला चार हजार किलोमीटर जायचं. हौस असेल तरच.

इथं माझं एक मत आहे, आणि ते दुसऱ्या एजंटांना पटत नाही. दुबई, दोहा, अबुधाबी हा थांबा वयस्कर माणसांच्या गुडघ्यांसाठी चुकीच्या जागी पडतो. तीन तास बसायचं, पहाटे चारला, ऐन झोपेच्या वेळी, उतरून मोठ्या विमानतळावर चालायचं, आणि मग पुढं चौदा तास सलग बसायचंच. थेट विमानातले सोळा आणि हे चौदा, पायांना काय फरक पडला? लंडन, फ्रँकफर्ट, पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम हे थांबे प्रवासाच्या मध्यावर येतात. मुंबई–लंडन साडेनऊ-दहा तास, तिथून न्यूयॉर्क आठ-साडेआठ. मध्ये तीन-चार तास पाय मोकळे. ज्यांना सलग बसवत नाही त्यांना मी युरोपचंच तिकीट सुचवतो, पाच-सात हजार जास्त पडले तरी. तिथं एकच खातरजमा करायची: त्या देशात नुसतं विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसा लागतो का. अमेरिकेचा चालू व्हिसा असला तर बहुतेक ठिकाणी सवलत असते, पण नियम बदलत राहतात, म्हणून त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर तिकीट काढायच्या दिवशी बघा, शेजाऱ्याच्या अनुभवावर जाऊ नका.

अबुधाबीला एक खास सोय आहे ती सांगून टाकतो. २०१४ पासून तिथं अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी अबुधाबीतच होते. म्हणजे न्यूयॉर्कला उतरल्यावर रांग नाही, देशांतर्गत प्रवाशासारखे बाहेर. इंग्रजीत प्रश्नोत्तरांची धास्ती असणारे आणि पहिल्यांदाच जाणारे आईवडील यांना ही गोष्ट मोठी वाटते. पण त्यासाठी अबुधाबीत वेळ भरपूर हवा, दीड तासाचं जोडविमान घेतलं तर जीव टांगणीला लागतो.

थांब्याच्या लांबीबद्दल माझा नियम सोपा आहे. दोन तासांच्या आत नको, पाच तासांच्या वर नको. संगणक सव्वा तासाचा थांबाही वैध म्हणून दाखवतो, कारण त्या विमानतळाच्या किमान वेळेच्या नियमात तो बसतो. तो नियम तरण्या माणसाच्या चालण्यावर बांधलेला आहे. आणि सगळा प्रवास एकाच पीएनआरवर हवा. वेगवेगळी दोन तिकिटं जोडून पैसे वाचवले आणि पहिलं विमान उशिरा आलं, तर दुसऱ्या कंपनीला तुमच्याशी काही देणंघेणं नसतं.

तुमच्यासाठी काय? दोघांचा प्रवास नोव्हेंबरात, समोरच्या वाऱ्याच्या ऐन हंगामात. परवडत असेल तर जाताना थेट, दोघांनाही कडेच्या जागा, म्हणजे मधल्या वाटेच्या अलीकडं-पलीकडं एकेक. दर दीड-दोन तासांनी उठून स्वयंपाकाच्या जागेपर्यंत चालून यायचं, पाणी पीत राहायचं, पायात दाबमोजे घालायचे का ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचं. सोळा तास सलग नकोतच असतील तर युरोप. व्हीलचेअर तिकिटाबरोबरच नोंदवा. आपल्याकडं लोकांना व्हीलचेअर म्हणजे कमीपणा वाटतो. चालता येतंय की, म्हणतात. लांबलचक विमानतळ आणि इमिग्रेशनची रांग बघितल्यावर मत बदलतं.

घड्याळाकडं येतो, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं होतात. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या गावची असते. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा हिवाळ्यात साडेदहा तास मागं आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास मागं. तिथं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढं करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागं घेतात. तुम्ही जाल तेव्हा साडेदहा, परताल तेव्हा साडेनऊ. मुंबईहून पहाटे दोनला निघालात, सोळा तासांनी आपल्याकडं संध्याकाळचे सहा, तिथं त्याच दिवसाचे सकाळी साडेसात. तिकीट बघणाऱ्याला वाटतं साडेपाच तासांत अमेरिका! एप्रिलमध्ये तिथून दुपारी बाराला निघून चौदा तास उडालात तर तिथल्या रात्रीचे दोन, आपल्याकडं दुसऱ्या दिवशीचे सकाळी साडेअकरा. तिकिटावर वेळेपुढं बारीक अक्षरात अधिक एक असं लिहिलेलं असतं, तो हा बदललेला दिवस. सॅन फ्रान्सिस्कोवाल्यांना कधीकधी अधिक दोनही दिसतं.

आणि मध्यरात्रीनंतरची विमानं. बारा तारखेला रात्री बारा चाळीसचं विमान म्हणजे अकरा तारखेला सकाळी-दुपारी सांगली सोडायची. बारा तारखेला संध्याकाळी बॅगा घेऊन पोचलात तर विमान वीस तासांपूर्वी गेलेलं असतं. हा घोळ शिकल्यासवरल्या घरांतही होतो. मी तिकिटाच्या प्रतीवर लाल पेनानं घर सोडायची तारीख आणि वार लिहून देतो, विमानाची नंतर.

आता तो भाग जो कुठल्याही अंतर मोजणाऱ्या संकेतस्थळावर येत नाही. सांगली ते मुंबई विमानतळ रस्त्यानं पावणेचारशे ते तीनशेऐंशी किलोमीटर. आष्ट्यावरून पेठनाका गाठायचा, मग कराड, सातारा, खंबाटकी, नवले पुलाची गर्दी, द्रुतगती मार्ग, घाटात एखादा कंटेनर बंद पडलेला, पनवेल, वाशी आणि मग मुंबईतली शेवटची वीस किलोमीटर, ज्यांना कधी पाऊण तास लागतो तर कधी दोन. चहा-जेवण धरून आठ तास. लंडन सात हजार किलोमीटरवर असून विमान तिथं साडेनऊ-दहा तासांत पोचतं. विमानाच्या वेळेआधी तीन-साडेतीन तास विमानतळावर हवेत. तर घराच्या दारापासून आठ, विमानतळावर साडेतीन, विमानात सोळा, उतरून मुलीच्या दारापर्यंत दोन-अडीच: तीस तास. तुम्ही सोळा आणि बावीस यांत तुलना करत होतात. खरी तुलना तीस आणि छत्तीस यांत आहे, आणि त्या तिसांतले पहिले आठ तासच माणसाला सगळ्यात जास्त थकवतात. साताऱ्याच्या लोकांचे यातले दोन-अडीच तास वाचतात.

म्हणून मी सांगतो, त्याच दिवशी गाडी करून निघू नका. आदल्या रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं आडवं पडून जा, सकाळी मुंबईत उतरा, नातेवाइकांकडं किंवा विमानतळाजवळच्या लॉजवर दिवसभर पाठ टेका, रात्री विमानतळ. गाडीच करायची तर पहाटे दोनच्या विमानाला सकाळी अकराला सांगली सोडा. पावसाळ्यात पुराचं पाणी असेल तर आणखी आधी, पण तुमच्या वेळी तो प्रश्न नाही. कोल्हापूरहून उजळाईवाडीचं मुंबई विमान मोहात पाडतं. ते वेगळ्या तिकिटावर असतं, त्यात सामान साधारण पंधरा किलो चालतं, अमेरिकेच्या तिकिटावर तेवीस किलोच्या दोन बॅगा. जादा वजनाचे पैसे तिथंच मोजावे लागतात. शिवाय छोटं विमान हवामानामुळं रद्द झालं की सगळंच हुकतं. सकाळचं घेऊन दिवसभर हाताशी असेल तरच.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ अखेर सुरू झालाय, तो आपल्या बाजूच्या लोकांना खाडी ओलांडण्याआधीच लागतो. पण तिकिटावर एनएमआय (नवी मुंबई) आहे की बीओएम (जुना मुंबई विमानतळ) हे डोळ्यांत तेल घालून बघा आणि ड्रायव्हरलाही सांगा. पूर्वी मुंबई म्हटलं की सहार एवढंच होतं, आता तसं राहिलं नाही.

औषधं हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट. काकूंना इन्सुलिन असेल तर घड्याळ साडेदहा तास मागं गेल्यावर डोस कसा घ्यायचा, हे निघण्याआधी डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. पश्चिमेला जाताना दिवस लांबतो, तिथं झोपेची घडी त्यामानानं लवकर बसते. परत आल्यावर मात्र रात्री दोनला टक्क जाग आणि दुपारी डोळे मिटतात. एप्रिलमध्ये परतल्यावर पहिल्या आठवड्यात लग्नकार्याचं जबाबदारीचं काम अंगावर घेऊ नका. भडंग, हळद, बेदाणे खुशाल न्या, पण सीलबंद, आणि अमेरिकेत उतरताना खाण्याचे पदार्थ आहेत असं फॉर्मवर किंवा तोंडी सांगा. न सांगता सापडलं तर दंड होतो, सांगितलं तर फार तर एखादी पिशवी ठेवून घेतात.

मुलीला कळवताना विमान उतरायची वेळ देऊन मोकळे होऊ नका. उतरल्यापासून इमिग्रेशन, बॅगा, कस्टम होऊन बाहेर यायला दीड तास सहज जातो, व्हीलचेअर असली तरी बॅगांसाठी थांबावंच लागतं. टर्मिनलचा क्रमांक तिला आधी पाठवा, तिथल्या टर्मिनलमध्ये अंतर मोठं असतं. फोनचं रोमिंग निघण्याआधी चालू करून घ्या. आणि केनेडी व नेवार्क या दोन्हींचं भाडं सारखंच दिसत असेल तर नेवार्क घ्या. न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीला केनेडीला यायचं म्हणजे न्यूयॉर्क शहर आडवं ओलांडायचं, सकाळच्या गर्दीत त्याला दोन तासही लागतात.